मिठाच्या पाण्यात निवडलेला चुरा

कॅम्प पाच या जुन्या सिंधी वस्तीतल्या आमच्या गाळ्यात प्लास्टिक ओळखायची पद्धत ठरलेली होती. तुकडा चिमट्यात धरायचा, काडी लावायची आणि धुराचा वास घ्यायचा. नाकात झोंबला तर पीव्हीसी, नाही झोंबला तर दुसरं काही. बाबांचं नाक यात पक्कं मानलं जायचं. शेजारचे गाळेवालेही तुकडे घेऊन यायचे आणि बाबा खोकत खोकत निकाल द्यायचे.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या घरात त्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. वर्गात इंग्रजीतून विचारलेलं मला कळायचं, पण उत्तर ओठांशी येऊन अडकायचं. घरी उलटं. मला सगळंच येत असणार, असा सगळ्यांचा समज. त्यामुळे मी दोन्हीकडे गप्पच असायचे.

बाबांकडे चपलांचे सोल काढायचं एक जुनं मशीन होतं. बरीच वर्षं ते पीव्हीसीचे सोल काढत होते. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी लेडीज सँडल विकणाऱ्या एका सिंधी शेठनी टीपीआरचे सोल मागितले. टीपीआर म्हणजे थर्मोप्लास्टिक रबर. पायाला मऊ, ओल्या फरशीवर चांगला धरून राहणारा. खऱ्या रबराला गंधक घालून शिजवावं लागतं आणि एकदा शिजलं की ते परत वितळत नाही. टीपीआर मात्र तापवला की वितळतो, साच्यात थंड झाला की पुन्हा रबरासारखा लवचीक. बिघडलेला सोल दळायचा, चुरा करायचा, विकत आणलेल्या नव्या दाण्यात मिसळून परत मशीनमध्ये घालायचा. बाबांना हे फार आवडलं होतं. "वाया काय जातच नाय गो यात," ते सारखं सांगायचे.

पण पहिला माल बघायला शेठ आले, त्यांनी एक सोल दोन्ही हातांनी दुमडला आणि वाकवल्या जागी त्याचे पापुद्रे सुटले.

"मिस्त्री, ये सोल है के खारी बिस्कुट?" शेठ म्हणाले. "चाय में डुबाके खाऊं? अगला माल भी ऐसा निकला ना साईं, तो साचे उठाके दूसरे को दे दूंगा."

साचे शेठचेच होते. ते गेले असते तर गाळा बंद करून बाबांना पुन्हा आनंदनगरला कुणाच्या तरी कारखान्यात शिफ्ट धरावी लागली असती. तिथलीच नोकरी सोडून त्यांनी हा गाळा घेतला होता.

बाबांनी मशीनची उष्णता कमी-जास्त करून पाहिली. नुसत्या नव्या दाण्याचा सोल छान निघायचा. चुरा मिसळला की पापुद्रे. आणि चुरा न मिसळता शेठच्या भावात माल देणं परवडणारं नव्हतं. सोलच्या कडा कातरणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "तुझ्या कॉलेजात याचं काय औषध नाय सांगत? का नुसतीच फी घेतात?"

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी सरांपाशी थांबले. काय विचारायचं ते मनात इंग्रजीत जुळवलं होतं, पण तोंडून मराठीच निघालं. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी फळ्यावर एक लांब साखळी काढली, मधला भाग मऊ, दोन्ही टोकं कडक. कडक टोकं एकमेकांत गोळा होऊन गाठी बांधतात, म्हणून ते रबरासारखं ताणलं जातं. तापवलं की गाठी सुटतात, थंड झालं की परत बसतात. "यात न मिसळणारं प्लास्टिक शिरलं की ते वेगळा थर धरून बसतं," सर म्हणाले.

घरी परतताना मला आमचा ग्राइंडर आठवला. पीव्हीसीचे जुने सोल त्यातच दळलेले, टीपीआरचेही त्यातच. दोन्ही काळे. आमच्याकडे चुरा म्हणजे चुरा, तो ज्या गोणीत जागा असेल तिच्यात जायचा.

बाबांनी गोणीतले तुकडे जाळून पाहिले. काही झोंबले, काही नाही. "मग आता काय, एकेक तुकडा जाळत बसू?"

"जाळूच नका," मी म्हणाले. "पीव्हीसीच्या धुरात ॲसिड असतं. म्हणून तर नाकाला झोंबतं."

"इतकी वर्षं वास घेतोय मी."

"आणि इतकी वर्षं खोकताय."

हे मी बोलून गेले आणि स्वतःच दचकले. मावशींची कात्री थांबली. बाबांनी काडेपेटी फळीवर ठेवली. "बरं, मग तू सांग कसं ओळखायचं."

मी बादलीत पाणी घेऊन मूठभर चुरा टाकला. पीव्हीसी जड, ते बुडायला हवं होतं आणि टीपीआर तरंगायला. पण सगळंच बुडालं. आमच्या टीपीआरमध्ये खडूची पूड असायची, त्यानं तोही जड झाला होता. मावशी म्हणाल्या, "झाली परीक्षा?" मला रडू येत होतं. मग आजोळ आठवलं, मिठागरवाल्यांचं. पाणी किती खारट झालंय ते बघायला मामा त्यात बटाटा सोडायचे. साध्या पाण्यात तळाला जाणारा बटाटा खाऱ्या पाण्यात वर यायचा. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून जाडं मीठ आणलं आणि थोडं थोडं टाकत ढवळत राहिले. हळूहळू काळे तुकडे वर येऊ लागले. काही तळाशीच राहिले. बाबांनी वरचा एक तुकडा उचलला, दाताखाली दाबून रबरच असल्याची खात्री केली आणि मोठ्यानं ओरडले, "आणखी मीठ आणा!"

सगळ्या गोण्या आम्ही पिंपात तशाच निवडल्या. साच्याला गंज चढू नये म्हणून चुरा चांगला धुतला, गच्चीवर कडकडीत वाळवला.

शेठ आले. सोल दुमडला, पिळला, पकडीनं ओढला. काही झालं नाही.

"क्या जादू किया, मिस्त्री?"

"आमच्या पोरीला विचारा. केमिस्ट्री शिकते ती."

शेठ माझ्याकडे वळले. "तो बेटा, यही सोल गॅरेजवालों के जूते में भी डाल दूं? बहुत बडा काम है."

बाबा आशेनं माझ्याकडे बघत होते. मला हो म्हणावंसं वाटलं. पण मी म्हणाले, "नको शेठ. ऑइल-पेट्रोल लागलं की हा फुगतो, मऊ पडतो. गरम सायलेन्सरला टेकला तर चिकटेल. घरात, बाजारात वापरायला चांगला आहे. गॅरेजला नाही."

बाबा खाली बघत होते.

"मिस्त्री," शेठ म्हणाले, "पच्चीस साल से धंदा करता हूं. माल बनानेवाले ने आज तक मेरे को बोला नहीं के ये मत लो." मग हसले. "साचे इधरच रहेंगे. बच्चों की सँडल के भी भेजता हूं. गॅरेज का दूसरा देखेंगे."

ते गेल्यावर बाबांनी बाहेर डोकं काढून चहावाल्याला हाक मारली. एरवी गाळ्यात चहा मागवायचा तो शेठसारखं कुणी आलं तरच. शेजारच्या गाळेवाल्यानं विचारलं, "काय, कोण आलंय?"

"पोरगी बसलीय," बाबा म्हणाले आणि चहावाल्याकडे वळले. "स्पेशल पाठव."