भर समुद्रात विहिणीची पंगत

आमच्या विहीणबाईंना या पृथ्वीच्या पाठीवर बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. मी एकदा पाहिलंय, पण ते भर समुद्रात, त्यामुळे त्या ते धरत नाहीत. एरवी त्या उभ्या. केडगावच्या अलीकडे त्यांचा शेवंतीचा मळा आहे, तिथं उभ्या. घरात पाहुणे जेवत असताना उभ्या. टीव्हीवरची मालिका स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या उभ्या बघतात, आणि दवाखान्यात गेल्या तर डॉक्टरलाच म्हणतात, "बसा, दमला आसाल." एकदा म्हणे एसटीत कंडक्टरनं आपली जागा त्यांना दिली, तर त्यांनी त्यालाच तिथं परत बसवलं आणि दौंड येईपर्यंत त्याचं तिकिटाचं मशीन हातात धरून स्वतः उभ्या राहिल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही सांगा, कुणी खोटं म्हणणार नाही.

उभं राहण्याच्या खालोखाल त्यांचं दुसरं वेड म्हणजे मानपान. आमच्याकडे माणसाचा मान करायचा तर पुरुषाला टॉवेल-टोपी आणि बाईला खण. सगळेच करतात, पण लग्नकार्यात करतात. विहीणबाईंच्या खांद्याच्या पिशवीत बारा महिने सहा टॉवेल-टोप्या, पाचसात खण आणि एक नारळ तयार असतो. विहिरीवरची मोटार दुरुस्त करणाऱ्याला टॉवेल-टोपी. खांबावर चढलेल्या वायरमनला टॉवेल-टोपी, तीही तो खाली उतरायच्या आत, काठीला बांधून वर. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीतून त्यांची गाडी काढून देणाऱ्या पोलिसाला त्यांनी काचेतून टॉवेल-टोपी दिली, तेव्हा तो बिचारा कुणी फोटो काढतंय का म्हणून चारी दिशांना बघत राहिला. "पोरगं उन्हात उभं हुतं," एवढाच त्यांचा खुलासा. उभ्या माणसाची किंमत त्यांना कळते.

आता या मानपानात मी एकदा काय दिवे लावले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्या मुलाचं लग्न त्यांच्या मुलीशी झालं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. म्हणजे नाकातल्या नथीचं वजन डोक्यात गेलेली नवीकोरी वरमाय. मांडव त्यांच्या दारात. विहिणीची पंगत मांडलेली, ताटाभोवती रांगोळी, मी पाटावर अशी बसलेली की जणू माझ्या मुलानं लग्न करून दौंड तालुक्यावर उपकार केलेत. पहिला घास घेणार, तेवढ्यात कुणीतरी कानाशी लागलं: नवऱ्या मुलाच्या मामाला, म्हणजे माझ्या भावाला, टॉवेल दिला पण टोपी राहिली. झालं. मी ताट सारलं. भाऊ तिकडे त्याच टॉवेलानं मान पुसत चौथ्यांदा बुंदी घेत होता, त्याला टोपीची आठवणही नव्हती. पण मी रुसले. विहीणबाईंच्या पिशवीतल्या सगळ्या टोप्या तोवर वाटून संपल्या होत्या. व्याही मोटरसायकलवरून टोपी शोधायला गेले आणि दोन तासांनी आले. ते दोन तास विहीणबाई हातात पुऱ्यांची परात घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. टोपी आली, भावाला दिली, मी पानावर बसले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "पुऱ्या गार झाल्यात." असली मी. आज ती बाई मला भेटली तर मी तिच्याशी सोयरीक करायची नाही.

पुढे आठ-दहा वर्षांनी सून एकदा बोलता बोलता सांगून गेली की आई त्या दिवशी जेवलीच नव्हती. तेव्हापासून माफी मागायचं माझ्या मनात. पण मागायची कशी? मी त्यांच्या घरी गेले की त्या पान वाढतात, समोर उभ्या राहतात आणि म्हणतात, "तुमचं होऊंद्या. आमी मागनं बसतो." तोंडात घास असताना आणि समोरचं माणूस उभं असताना माफी मागता येत नाही, हे मी अनुभवानं सांगते. मी आणखी दहा-बारा वर्षं नुसती जेवत राहिले.

मुलाचं रांजणगावच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन वर्षांपूर्वी, ज्या कंपनीला तो पार्ट पुरवतो त्यांनी चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून चौघांना बोटीची सहल दिली. साधी बोट नव्हे, श्रीमंतांची. सिंगापूरहून निघून सात दिवस समुद्रात. आमच्या ह्यांना पाण्याचं भय, घोडनदीचा पूल ओलांडतानाही डोळे मिटतात. व्याह्यांची शेवंती तोडणीला आलेली. म्हणून मुलगा, सून आणि आम्ही दोघी विहिणी निघालो. मी मनाशी ठरवलं: समुद्रात त्या स्वयंपाकघरात पळू शकणार नाहीत, तिथं बोलून टाकायचं.

निघण्याआधी सुनेनं आम्हा दोघींना समोर घेऊन तिथल्या वातावरणाचा पाठ दिला. प्रवासी मोजके, आणि सेवेला माणसं जवळजवळ तितकीच. "पावन्याइतकं वाढपी?" विहीणबाई म्हणाल्या. "मंग जेवनार कोन?" तिथं सगळे हळू बोलतात, कुणी घाई करत नाही, लहान मुलं नसतात, मोठ्यानं हसायचं नाही, एका संध्याकाळी भारी कपडे घालून पंगतीला जायचं. हे ऐकून विहीणबाईंचा चेहरा उतरला. हळूच म्हणाल्या, "त्यांच्यात कोन गेलंय का?" मी त्यांना हसले, पण माझीही तयारी बघण्यासारखी होती. महिनाभर मी शिरूरच्या घरात दार लावून पिठलं-भाकरी काट्या-चमच्यानं खात होते. भाकरी काट्याला दाद देत नाही, आणि पिठलं तर मुळीच नाही.

बोटीवर पाऊल ठेवलं तर खरंच तशी शांतता. पायाखाली गालिचा असा की स्वतःची चाल स्वतःला ऐकू येईना. कुठंतरी पियानो वाजत होता, तोही कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेतानं. चिमट्यात धरून गार ओले रुमाल पुढे आले. मी सुनेकडे बघत दोन बोटं टिपली. विहीणबाईंनी तोंड, मान, कोपरापर्यंत हात आणि शेवटी आमच्या बॅगेची धूळ पुसून रुमाल परत दिला आणि विचारलं, "पाय धुवाया पानी कुठं हाय?" पण एक गोष्ट त्यांना पहिल्याच दिवशी आवडली. तिथं प्रत्येक दाराशी कुणी ना कुणी अदबीनं उभं असायचं. जन्मात पहिल्यांदाच त्यांना बरोबरीची माणसं भेटली होती. त्या प्रत्येकासमोर थांबायच्या आणि मराठीत विचारायच्या, "जेवला का?" समोरचा मान लववायचा. त्या समाधानानं पुढे जायच्या.

आम्हा दोघींची खोली एक. पहिल्या संध्याकाळी परत आलो तर पलंगावर टॉवेलाची घडी घालून केलेला हत्ती. खोली आवरणारी चाळिशीची एक फिलिपिनो बाई होती, हसरी, तिची ती करामत. मी कौतुकानं बघत होते, पण विहीणबाई गंभीर झाल्या. टॉवेल म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. "आहेर केलाय आपल्याला," त्या म्हणाल्या. मग हत्ती उचलून खालीवर बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टावेल हाय. टोपी राह्यली."

मी पाणी प्यायला वळले. त्यांच्या तोंडावर रेषाही हलली नव्हती. मला टोमणा होता की नुसती नोंद, हे मला आजवर कळलेलं नाही.

आहेर आला म्हणजे परतीचा आहेर आला. दुसऱ्या सकाळी त्यांनी हत्ती सोडून, घडी घालून, व्याह्यांसाठी म्हणून बॅगेत ठेवला आणि उशीवर एक खण ठेवला. त्या बाईला काय वाटलं देव जाणे, संध्याकाळी दोन बगळे, चोचीला चोच लावलेले. विहीणबाईंनी दोन खण ठेवले. तिसऱ्या दिवशी कासव आणि वर चॉकलेटं. इकडून खण आणि नारळ. चौथ्या दिवशी गडबडीत खण ठेवायचा राहिला, आणि संध्याकाळी खोलीत शिरलो तर पडद्याच्या दांडीला टॉवेलाचं माकड लोंबकळत होतं. विहीणबाई मटकन खाली बसतील असं मला वाटलं, पण छे. उभ्यानंच म्हणाल्या, "बघा. मान चुकला का मानूस असं कळवतं." त्या क्षणी मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की ही बाई वीस वर्षं दर भेटीत माझ्यासमोर उभी राहून तो चुकलेला मान भरून काढतेय.

पाचव्या दिवशी सुनेनं बॅग उघडली, आत पाच टॉवेल. ती रडकुंडीला आली. "आई, तो आहेर नाही गं, ती इथली सजावट आहे, टॉवेल बोटीचे आहेत." विहीणबाई ओशाळल्या. सगळे टॉवेल घेऊन सून त्या बाईकडे गेली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत हकीकत सांगितली. ती बाई पोट धरून हसली. खणांतल्या एकाची तिनं केसांना बांधायची पट्टी केली होती. वरिष्ठांना विचारून निघताना तिनं एक हत्ती स्वतः होऊन विहीणबाईंच्या हातात दिला. तो हत्ती विमानतळावर त्यांनी उभ्या उभ्या खांद्याशी धरला होता, बाळासारखा. पण ते नंतर.

त्याच पाचव्या संध्याकाळी भारी कपड्यांची पंगत होती. मुलगा कोटात, मी पैठणीत, विहीणबाई आपल्या इरकलीत. पांढरं टेबल, मेणबत्त्या, आणि पिकल्या केसांचा एक मुख्य वाढपी, राजासारखा. त्यानं खुर्ची मागे ओढली. विहीणबाई त्याला म्हणाल्या, "बसा, बसा." आणि स्वतः जाऊन माझ्या खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. सून विनवत होती, मुलगा छताकडे बघत होता. तो वाढपी एका बाजूला उभा, त्या दुसऱ्या बाजूला. मधे मी, सुपाचा चमचा धरून. मागून ते वाक्य आलं. "तुमचं होऊंद्या. आमी मागनं बसतो."

माझा रुसवा वीस वर्षं वापरात नव्हता, पण गंजला नव्हता. मी चमचा खाली ठेवला, ताट सारलं, खुर्ची मागे केली आणि उठून उभी राहिले. "मी जेवायची नाही," मी म्हणाले.

विहीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मांडवात पडला होता तसाच. "काय राह्यलं वो, विहीणबाई?"

"तुम्ही राहिलात," मी म्हणाले. "एका टोपीपायी मी तुम्हाला दोन तास उभं केलं आणि दिवसभर उपाशी ठेवलं. चुकलं माझं. आता आधी तुम्ही बसायचं, मी वाढणार. नाहीतर हा रुसवा सिंगापूरपर्यंत चालू."

त्यांनी आधी माझं सारलेलं ताट बघितलं. मग पदर तोंडाला लावला. रडतायत असं वाटलं, पण खांदे वेगळेच हलत होते. "ती टोपी," त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाला लई मोठी झालती. नाकापोतर आली. मी आत जाऊन हासले हुते तवा. उपाशी पोटी हासले म्हनून सोसलं, न्हाईतर पोट फुटलं आसतं." आणि वरमाय रुसली तर तिची समजूत काढायचीच असते, या एकाच कारणासाठी, त्या बसल्या.

मी त्या पिकल्या केसांच्या वाढप्याच्या हातातली बशी घेतली. त्यानंही काहीतरी ओळखलं असावं, कारण मान लववून तो मागे सरला. सात वेळा इवलंइवलं वाढलं जातं तिथं, सातही वेळा मी वाढलं आणि आग्रह केला. "यवढुसं यवढुसं वाढत्यात," त्या म्हणाल्या, "म्हनून मान्सं जास्त लागत्यात." सव्वा तास मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. पायांच्या पोटऱ्या भरून आल्या, कंबर बोलायला लागली. हातात परात नव्हती, पोट रिकामं नव्हतं, मांडवातली शंभर माणसं बघत नव्हती, तरी सव्वा तास मला जड गेला. शेवटचा घास संपवून त्यांनी शेजारची खुर्ची हातानं थोपटली.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "पुऱ्या गार हुतील."

टेबलावर पुरी नव्हती. मी बसले आणि समोर आलं ते निमूट जेवले.

घरी आल्यावर सगळं पूर्ववत. त्या म्हणतात, समुद्रात झालं ते समुद्रात. आता त्यांचे गुडघे सुजतात, दाराला टेकायचं प्रमाण वाढलंय, पण बसत नाहीत. मी मात्र त्यांच्याकडे भराभर जेवायला शिकले आहे. आग्रह नको, गप्पा नको, लवकर हात धुवायचा, म्हणजे त्यांचं पान लवकर पडेल.

परवा गेले तेव्हा कपाटावर तो टॉवेलाचा हत्ती दिसला, घडी न मोडलेला. डोक्यावर टोपी होती, पांढरी, कडांना पिवळी पडलेली, नाकापोतर आलेली. मी विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "तुमचं भाऊ मांडवातच टाकून गेलं हुतं की. ठिवली म्या."

भाऊ जाऊन आता चार वर्षं झाली. त्याची कुठलीच वस्तू माझ्याकडे नाही. विहीणबाईंनी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मला बसवेना. मग त्यांनी चहा तसाच आणून दिला, आणि हत्तीकडे बघत आम्ही दोघींनी तो उभ्या उभ्याच घेतला.