नऊ कॉमिक आणि हुमणीची पावडर

बारामतीत जुनी कॉमिक प्रेस करणाऱ्या, माझ्या ओळखीच्या एका ताईवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या केसपेपरवर लिहिलं की हिनं औषध प्यायलंय. औषध म्हणजे शेतात मारायचं. ते खोटं होतं. ताईला ते माहीत होतं, पण तिला नीट बोलता येत नव्हतं. मला थोड्या वेळानं कळलं, मला बोलता येत होतं, आणि कळल्यावरही मी वीस मिनिटं गप्प बसले.

कॉमिक प्रेस करणं हे काय काम आहे, हे बारामतीतही फारसं कुणाला ठाऊक नाही. जुनी कॉमिक जमवणाऱ्या लोकांना ती नव्यासारखी हवी असतात आणि किती नव्यासारखी आहेत याचा दाखलाही हवा असतो. एमआयडीसीच्या रस्त्याला त्यासाठी दोन खोल्यांचं एक दुकान आहे. बाहेरच्या खोलीत मालक पानं मोजतो, भिंगातून कोपरे बघतो, दहापैकी आकडा देतो आणि कॉमिक कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून टाकतो. त्या बंद डबीला ते लोक स्लॅब म्हणतात. त्याआधीचं सगळं आतल्या खोलीत, ताईच्या हातून. मऊ ब्रशनं धूळ झाडायची, पेन्सिलीच्या रेघा उचलायच्या, दमट डब्यात ठेवून कागद सैल करायचा आणि मग गरम प्रेसखाली दाबून त्याच्या घड्या काढायच्या. आधी ती साड्यांना रोल-पॉलिश करायची. प्रेसचा पत्रा किती तापलाय ते ती वरून तळहात फिरवून सांगायची.

"आमच्या घराला अजून पत्राच हाय," ती मला म्हणायची, "आन् ह्या पुस्तकांना स्लॅब."

त्या खोलीचे नियम होते. खिडकी बंद, कारण रस्त्याची धूळ आत आली की प्रेसमध्ये कागदावर उमटते. पंखा बंद, कारण पानं हलतात. हातमोजे नकोत, कारण मोज्यातून कागद किती सैल झालाय ते बोटांना कळत नाही. एकेक नियम कागदाच्या भल्यासाठी केलेला. बाई आत दिवसभर श्वास घेते, तिच्यासाठी एकही नव्हता.

हे मी रागानं लिहितेय, पण मालकावर सगळा राग काढून मोकळं होता येत नाही. ताईला बाधली ती पावडर मालकानं आणली नव्हती. ती मी आणली.

मी निरवांगीची. फवारणीला जाणाऱ्या बायकांसाठी आम्ही चारपाच जणी पत्रकं काढतो आणि निमगाव केतकीच्या बाजारात वाटतो. मास्क मागा. हातमोजे मागा. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून घेतल्याशिवाय झाकण उघडू नका. हे मजकूर माझे आहेत. ताई माझी त्यावरून खेचायची. "तुजं बरं हाय बाई, कागद वाटायचे आन् पुढच्या गावाला जायचं."

आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, एक पत्र्याची पेटी आहे. शाळेत असताना ते वालचंदनगरला चुलत्याकडं राहायचे, कंपनीच्या क्वार्टरमध्ये. साहेब लोकांची बदली झाली की घरातली रद्दी बाहेर निघायची आणि आबा त्यातून कॉमिक उचलायचे. चुलता ओरडायचा. ती पेटी पुढं आबांबरोबर निरवांगीला आली, आणि शेतीत मातीनं राकट झालेल्या त्यांच्या हातांना त्या पेटीत मात्र कधी घाई झालेली मी पाहिली नाही. त्यांच्या साठीला त्यातली नऊ चांगली कॉमिक स्लॅबमध्ये बसवून समोर ठेवायची, असं मी ठरवलं. विचारलं असतं तर गंमत गेली असती. म्हणून विचारलं नाही. आबा रानात गेल्यावर पेटी उघडली.

आत पुस्तकांच्या मधेमधे वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या. दोन फुटलेल्या. तळाला बारीक दाणे सांडलेले. मी ते हातानं झटकले. जो वास आला तो ओळखीचा होता, उसाच्या सरीत येतो तो, गोठ्यामागच्या खोलीत येतो तो, आबांच्या रानातल्या शर्टाला येतो तो. मला तो घराचा वास वाटला. बारामतीच्या एसटीत डोकं दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. मी खिडकी सरकवली आणि ड्रायव्हरच्या गाडी चालवण्याला नावं ठेवली.

पुड्या मी घरीच काढल्या होत्या. पण धूळ पानापानांत गेली होती. ताईनं पहिलं कॉमिक उघडलं आणि नाक मुरडलं.

"ह्याला वास कसला गं?"

"पेटीचा," मी म्हणाले.

ती शनिवारची गोष्ट. सोमवारी तिनं दोन केली, मालकानं ती संध्याकाळी बंदही करून टाकली. ताईचा फोन आला की दोन झाली, उरलेली उद्या करते, आज डोकं धरलंय. मी म्हटलं चहा घे.

मंगळवारी साडेतीनला मी दुकानात पोचले. मालक पुण्याला गेला होता. दार ताईनंच उघडलं. घामानं तिचा ब्लाऊज पाठीला चिकटला होता आणि तोंडातून लाळ गळत होती. ती पदरानं पुसत होती, पुन्हा येत होती. प्रेसची गरमी, असं काहीतरी ती म्हणाली. दिवा लाव म्हणाली. दिवा लागलेलाच होता. मग ती भिंतीला धरून खाली बसली आणि ओकली. तिच्या दंडावरची कातडी जागोजागी आपोआप उडत होती, आत काहीतरी चालल्यासारखी. मी प्रेसचं बटण बंद केलं, रस्त्यावरून रिक्षा अडवली. रिक्षावाल्यानं आणि मी तिला उचललं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि तिच्या पदराला तो वास येत होता. घराचा.

तिथं मला पहिल्यांदा भीती वाटली. पण मी तो विचार पुरता होऊ दिला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी मारून तिचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी लगेच ओळखलं, फवारणीचं विष. आपल्याकडं डॉक्टरांना हे ओळखायला वेळ लागत नाही. तोवर ताईची सासू धावत आली होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, घरात काही भांडण झालं होतं का. म्हातारी कावरीबावरी झाली. म्हणाली, सकाळी डब्यावरून जरा बोलाचाली झाली, तशी रोजच होते. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं.

ताईनं मान उचलली. "म्या काय बी पिलं न्हाय."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले. आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. नळी घालायची तयारी सुरू झाली. पोलिसांना कळवायला माणूस गेला.

मी बाहेर येऊन आबांना फोन लावला. विचारलं, कॉमिकच्या पेटीत काय टाकलंय.

आबा म्हणाले, "हुमणीचं. ह्याच पावसाळ्यात टाकलं, वाळवी लागली व्हती." आणि लगेच, "तू हात लावलास का? आदी हात धू. साबणानं धू, मग बोल."

हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी. तिला मारायचे दाणे इतके जहाल असतात की त्यांवर मी स्वतः पत्रक लिहिलं होतं. मी नळाखाली हात धुतले. परत धुतले. आरशात माझे डोळे बघितले. आणि मग दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

काय चाललं होतं माझ्या डोक्यात, ते सांगते. ताई मेली तर मी मारली. पोलीस आले की आबांना नेणार. पत्रकं काढणारी पोरगी स्वतःच्या घरातलं विष दुसऱ्याच्या घरात देऊन आली, हे बाजारभर होणार. तिच्यावर उपचार तर चालूच आहेत, मी सांगून वेगळं काय होणार, असंही वाटलं. हा शेवटचा विचार सगळ्यांत घाण होता, कारण तो शहाणपणाचा वाटत होता. भिंतीवर घड्याळ होतं. वीस मिनिटं.

मग आतून नर्सचा आवाज आला, की अजून इतका घाम कसा येतोय. मी दारातून पाहिलं. ताईच्या अंगावर तोच ब्लाऊज, तीच साडी होती. त्या पदरानं तिनं तोंड पुसलं होतं. प्यायलेलं विष पोटात असतं म्हणून ते पोटातून काढत होते, आणि खरं विष तिच्या कपड्यांत, केसांत, हातांना होतं. ते अजून आत जात होतं. माझ्या गप्प बसण्यानं.

मी आत गेले आणि सगळं सांगितलं. शब्द उलटसुलट आले. डॉक्टर माझ्यावर चिडले, आधी सांगायला काय झालं होतं म्हणाले. मी म्हणाले भीती. नर्स माझं ऐकायला थांबली नाही; तिनं पडदा ओढला, कपडे काढून पिशवीत बांधले आणि ताईला डोक्यापासून साबणानं धुतलं. आबा सहाच्या आत निरवांगीहून मोटरसायकलवर आले, पिशवीत पिशवी घालून पेटीतली एक पुडी घेऊन. पोलिसासमोर उभे राहून म्हणाले, "चूक माजी हाय. पोरीला न्हाय म्हाईत." मी म्हणाले, माझीही आहे. पोलिसानं दोघांचंही लिहून घेतलं.

ती रात्र आणि पुढचे तीन दिवस ताई मशीनवर श्वास घेत होती. नवव्या दिवशी ती घरी आली. पेन्सिलीची रेघ उचलायला लागतो तेवढा हात अजून स्थिर नाही. दुकानात तिची जागा धरलेली आहे, असं मालक म्हणतो. खिडकीत त्यानं धूर बाहेर फेकणारा पंखा बसवला. आधी का नाही, हे मी त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, आधी कुणाला काही झालं नव्हतं.

सोमवारी बंद झालेली दोन कॉमिक त्यानं मला परत दिली. आकडा चांगला आलाय. एकाच्या लेबलवर लिहिलंय की मागच्या कव्हरवर, पिनेजवळ, गंजाचा एक ठिपका आहे. प्रेस केल्याचं कुठं लिहीत नाहीत, तसा त्यांचा रिवाजच आहे. मग कुणी केलं ते कुठून येणार. आबांनी त्या डब्या हातात घेतल्या नाहीत. त्या फोडायचीही सोय नाही, आत ती धूळ आहे. आता मी कुठलंही कपाट उघडायला गेले की आधी हात थांबतो. वास घेते. मग वास घ्यायचीही भीती वाटते.

केसपेपर मी मागून घेऊन पाहिला. पहिल्या ओळीखाली वेगळ्या पेनानं दुसरी ओळ आहे, हाताळणीतून बाधा झाली अशी. पहिली खोडलेली नाही. लिहिलेलं खोडता येत नाही, असं दवाखान्यानं सांगितलं. गल्लीतही खोडलं गेलेलं नाही. बायका सासूला हळू आवाजात सांगतात, सुनेला जपा. सासूनं फिनेलची बाटली स्वतःच्या कपाटात ठेवली आणि ताईच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून घेतली. ती दुष्ट नाही. ती घाबरलीय.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा ताईनं मला त्या दारावरची, कडीच्या स्क्रूंची चार भोकं दाखवली.

"तू सांगितलंस समदं, मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पर उशिरा सांगितलंस. कडी काय परत लागली न्हाय."

यावर पत्रक लिहिता येत नाही.

तुम्हाला मात्र सांगता येतं. हे वाचून झालं की उठा. घरात पुस्तकांच्या पेटीत, कपड्यांच्या कपाटात, धान्याच्या कोठीत पावडर कुणी टाकली आहे ते शोधा आणि त्याच माणसाला विचारा काय टाकलंय. उघड्या हातानं चाचपू नका. जे नाव सांगतील ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहा आणि झाकणावर चिकटवा. आणि त्यातली वस्तू दुसऱ्या कुणाच्या हातात देणार असाल, तर आधी तो कागद द्या. आज द्या.