ओलं ताट आणि बेटांचं तोरण

माझी मुलगी अलास्कात भूशास्त्र शिकते. उन्हाळाभर ती अल्यूशियन बेटांवर दगड फोडत होती आणि फ्रीमाँटला घरी आली ती कपड्यांपेक्षा दगडच जास्त घेऊन. ते तिने माझ्या ओट्यावर मांडले. मी ते गॅरेजमध्ये नेऊन ठेवले.

आमच्या इथल्या मराठी मंडळात ज्येष्ठांचा एक गट आहे. भारतातून मुलांकडे आलेले आईवडील शनिवारी जमतात. गट चालवणाऱ्या काकांनी तिला विचारलं, तुझ्या बेटांबद्दल बोलशील का, पण मराठीत. ती हो म्हणून बसली. मला नवल वाटलं. लहानपणी गणपतीच्या कार्यक्रमात ती स्टेजवर ‘मी आला’ म्हणाली होती आणि सगळा हॉल हसला होता. तेव्हापासून मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. आता लोक पुन्हा हसले तर तिची मराठी कायमची बंद, हे मला दिसत होतं.

तालीम स्वयंपाकघरात झाली. ही बेटं नकाशावर अलास्कापासून रशियाच्या दिशेने ओळीने पसरली आहेत, मधे झोळ पडल्यासारखी. अशा कमानीला म्हणतात त्या ‘आर्क’साठी तिला मराठी शब्द हवा होता. दारावरच्या तोरणासारखं दिसतंय, मी म्हटलं. तोरण तिला आवडलं. पुढे मात्र ती म्हणाली, पॅसिफिकचं ताट दुसऱ्या ताटाखाली जातं. पृथ्वीच्या कवचाच्या तुकड्याला इंग्लिशमध्ये प्लेट म्हणतात आणि प्लेट म्हणजे ताट, तिच्या हिशेबाने बरोबरच. मी फोनवर शोधून ‘भूपट्ट’ दिला. तिच्या तोंडून दर वेळी ‘बुपट’ निघालं. शेवटी आम्ही भूपट्ट कॅन्सल केला. ताट निदान स्पष्ट तरी येत होतं.

कार्यक्रमाची सुरुवात बरी झाली. तिने बेटावरचा एक भोकाभोकांचा दगड पाण्यात तरंगवून दाखवला. ही तर पाय घासायची वज्री, एक आजोबा म्हणाले. काकांनी सह्याद्रीचं विचारलं. तिकडचा लाव्हा पातळ होता, तो पसरला आणि थरावर थर बसले, ती म्हणाली. बेटांवरचा चिकट असतो, तो साचून डोंगर होतो आणि कधीकधी स्फोट करतो.

मग ताट आलं आणि हॉल हसला.

ती थांबली. तिने मागच्या रांगेत माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, पुढे चल. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका आजींनी विचारलं, “बाळ, ताटाखाली ताट गेलं तर गेलं. त्याने आग कशी लागते?”

उत्तर मलाही माहीत नव्हतं. तालमीत आम्ही ताटाच्या पुढे गेलोच नव्हतो.

“आजी, ते ताट ओला आहे,” मुलगी म्हणाली.

“ओलं,” दोन-तीन जणांनी एकदम सुधारलं.

“ओलं. आई मला नेहमी ओरडते, ओलं ताट दुसऱ्या ताटाखाली सरकवू नकोस. पॅसिफिक तेच करतो. समुद्राचं पाणी दगडात घेऊन खोल खाली जातो. तिथे ते पाणी बाहेर निघतं आणि वरच्या गरम दगडात शिरतं. नुसता गरम असून तो वितळत नव्हता, पाणी मिळालं की वितळतो. मग वर येतो. त्याची बेटं होतात.”

आजी म्हणाल्या, “म्हणजे ताट पुसून ठेवलं असतं, तर तुझं तोरण झालंच नसतं.”

“नसतं झालं,” ती म्हणाली. हॉल पुन्हा हसला. या वेळी तीही हसली, आणि पुढचा सगळा वेळ चुका करत, दुरुस्त करून घेत बोलत राहिली.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ताटं तिने धुतली. शेवटचं तसंच निथळतं, चळतीच्या तळाशी सरकवलं. मी पाहतेय हे तिला कळलं.

“थांब ना आई,” ती मराठीत म्हणाली, “बेट येऊ दे.”

मी तिच्या हातात फडकं दिलं.