परत करू नये

माझ्या मेव्हण्याच्या सासऱ्यांइतका उसनवारी करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि उसन्या वस्तूचा त्यांच्याइतका कमी उपयोग करणाराही. लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर म्हणून जन्म काढला आणि निवृत्त होऊन भिंगारातच राहिले, म्हणून सगळे त्यांना स्टोअरवाले म्हणत. नोकरीत खिळासुद्धा सहीशिवाय बाहेर सोडला नाही, आणि नंतर मात्र लोकांच्या घरातला खलबत्ता, पाट, चाळणी, उंदराचा पिंजरा बिनदिक्कत बाहेर काढत सुटले. कारण विचारलं तर म्हणत, "एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे केळी घेऊन जाऊ नका. केळी पाहिली की त्याला वाटतं, आपण आजारी आहोत. त्याच्याकडे काहीतरी मागा. माल बाहेर गेला की माणूस दाराकडे बघत बसतो."

या तत्त्वावर त्यांनी आम्हा चार-पाच निवृत्तांचं पथक काढलं. मुलं परगावी असलेल्या एकेकट्या म्हाताऱ्यांकडे जायचं, एक वस्तू मागायची आणि बोललेल्या दिवसापेक्षा नेमका एक दिवस उशिरा परत करायची. "चिडलेला माणूस नीट जेवतो," असं त्यांचं वैद्यकशास्त्र. पथकात सर्वांत आधी त्यांनी मला घेतलं. माझी ही जाऊन तीन महिने झाले होते, मी फारसा कुठे जात नसे. एका सकाळी हे नळाचा पाना मागायला आले. "नाही" म्हणण्यापुरतं मी दार उघडलं, आणि ते आत येऊन दीड तास वायसर या विषयावर बोलले. जाताना पाना घेऊन गेले आणि पथकाचं उपप्रमुखपद देऊन गेले. माझ्यातले गुण त्यांनी बरोबर हेरले, याचा मला फार अभिमान वाटला.

अडचण एवढीच, की त्यांची नजर अधू होत चालली होती आणि ते कबूल करत नसत. प्रत्येक वस्तूला ते दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत, त्यावर घराची खूण लिहीत आणि ती त्यांनाच वाचता येत नसे. नाक्यावरच्या आजींचा खलबत्ता एका निवृत्त हवालदाराकडे गेला आणि हवालदाराचा दाढीचा आरसा आजींकडे. आजींनी त्यांना भर बाजारात गाठलं. "मेल्या, माझा खलबत्ता कुटं हाय? लसूण काय तुज्या टकलावर कुटू? आन् ह्यो आरसा कशाला दिला, मला मिशा हायेत व्हय?" मग आजी स्वतःच आरसा घेऊन हवालदाराकडे गेल्या, आणि तेव्हापासून रोज सकाळी तिथं जाऊन त्याच्या चहाला नावं ठेवू लागल्या. स्टोअरवाल्यांनी आपल्या चुकीचा लगोलग पथकाचा नियम करून टाकला: वस्तू परत करायची ती दुसऱ्याच्याच घरी.

खरी कसोटी लागली ती आमच्या गल्लीतल्या गणिताच्या बाईंपाशी. यजमान गेल्यापासून बाईंनी दार लावून घेतलं होतं. शेवटी पुण्याच्या लेकीनं कळवलं, महिनाअखेर येते, घर बंद करू, तुला वृद्धाश्रमात ठेवू. बाईंना घर सोडायचं नव्हतं. त्या भिंतीला हात लावून रडतात, असं कामवालीनं आम्हाला सांगितलं. स्टोअरवाल्यांनी रोज खिडकीशी जाऊन पंचांग, शिडी, पुरणयंत्र असं काय काय मागितलं. आतून रोज "नाही." आठव्या दिवशी त्यांनी यजमानांमागे बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ मागितलं. बाईंनी संतापून दार उघडलं.

"अहो, ते बंद आहे!"

"हरकत नाही. बंदच परत आणून देतो."

गणिताच्या बाई या उत्तराचा ताळा जुळवेपर्यंत स्टोअरवाले घड्याळ काखेत मारून चालते झाले.

तिसऱ्या दिवशी बाई पदर खोचून वसुलीला निघाल्या. घड्याळ कुणाकडे दिलं हे स्टोअरवाल्यांना आठवेना. त्यांनी हवालदाराकडे पाठवलं, हवालदारानं आजींकडे, आजींनी आधी लसूण सोलायला बसवलं. महिनाअखेर लेक गाडी घेऊन आली तर घराला कुलूप. आई सापडली आजींच्या ओट्यावर, हवालदाराला त्रैराशिक शिकवताना. "आज जमायचं नाही गं," बाई म्हणाल्या, "माझं घड्याळ अजून मिळालेलं नाही." लेक ओट्यावरच टेकली, चहा प्याली आणि एकटीच परत गेली. घड्याळ तेव्हा माझ्याच घरी होतं, माझी चाळणी समजून परत केलेलं. पण उपप्रमुख या नात्यानं मी नियमापेक्षा जरा जास्तच उशीर केला.

गेल्या दिवाळीनंतर स्टोअरवाल्यांना जवळजवळ दिसेनासं झालं. त्यांची लेक, म्हणजे माझ्या मेव्हण्याची बायको, त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाताना त्यांनी उसन्या वस्तूंच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि वस्तू घरोघरी पोचवायला सांगितलं. तळाशी माझा पाना निघाला. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पहिलं घर. बायको गेल्यापासून दार उघडत नाहीत. परत करू नये."

मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर उपप्रमुखपद गेल्याचंही थोडं वाईट वाटलं.

मेव्हणा फोनवर सांगतो, सासरे दिवसभर गॅलरीत बसून असतात, कुणाशी बोलत नाहीत. रविवारी मी नाशिकला जातो आहे. केळी नेणार नाही. त्यांचा चष्मा मागणार आहे. ते ओरडतील, "अहो, त्यातून काही दिसत नाही!" मी म्हणेन, हरकत नाही, तसाच परत आणून देतो. आठ दिवसांचा वायदा करीन आणि नवव्या दिवशी जाईन.