मम्मींनी थांबायचं ठरवलं

केळीच्या बागेत साप निघाला की मजूर बाया आधी माझ्या सासूबाईंना हाक मारतात. मीनाबाई त्यांचं नाव. घरात आम्ही सगळे त्यांना मम्मी म्हणतो. तापीला पूर आला तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उतरून त्यांनी पंपाच्या मोटारीचा स्टार्टर काढून आणला होता. अशी ही बाई मोबाईलवरच्या एका मेसेजला घाबरली.

माझ्या सासऱ्यांना, नानांना, काही वर्षांपूर्वी सुरतला हृदयात स्टेंट बसवावा लागला. तो सगळा खर्च घरातल्या सगळ्यांच्या मिळून असलेल्या आरोग्य विम्यातून निघाला. तेव्हापासून मम्मींच्या लेखी तो विमा म्हणजे घराचा आधारखांब. गेल्या पावसाळ्यात कंपनीचा मेसेज आला की ही जुनी योजना आता बंद होतेय, दिवाळीनंतरच्या नूतनीकरणाला सगळ्यांना नव्या योजनेत जावं लागेल. माझे पती मिथुन यांनी शहाद्याच्या एजंटला, भूपेशभाऊंना, घरी बोलावलं.

भूपेशभाऊ चहा पीत म्हणाले, "आता सगळ्याच कंपन्या योजना बदलायला लागल्यात. कोणी नव्याने विमा घेतला तर आधीच्या आजाराला तीन वर्षं थांबावं लागतं. आणि लपवलेलं सापडलं तर सगळंच हातचं जातं."

आमच्या ओळखीतल्या एकाने साखरेचा आजार लपवल्याची गोष्टही त्यांनी सांगितली. त्याचा दावा नाकारला होता. मम्मी उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होत्या.

पुढच्या दिवसांत त्या बदलत गेल्या. पपईचं क्रेट एकाच हाताने ओढायच्या. माझी लेक भाविका कुशीत शिरली की तिला डाव्या बाजूने उजवीकडे सरकवायच्या. मला वाटलं, खांदा भरला असेल. मग पोळ्याच्या आदल्या दुपारी भाविका खेळता खेळता त्यांच्या छातीवर जाऊन आदळली आणि मम्मी किंचाळल्या. मी धावले. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंड पांढरंफटक पडलेलं.

"मम्मी, काय झालं?"

त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, दाराला कडी घातली आणि माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. बोटांखाली कडक गाठ लागली.

"कधीपासून?"

"आखाजीपासून. कोनले सांगू नको. मिथुनले बी नही." अक्षय तृतीयेपासून, म्हणजे जवळजवळ चार महिने.

"अहो, पण दवाखान्यात—"

"दवाखानामा गऊ ते कागदवर चढी. मन्हामुळे तुम्हना सगळास्ना विमा जाई. तुना सासरास्नं काळीज शे, पोर शे. भूपेशभाऊनी सांगं ना, तीन वरीस थांबनं पडस. मी थांबसू."

त्या हे इतक्या शांतपणे बोलल्या की मला रडूच फुटलं. एजंटचं बोलणं त्यांनी असं ऐकलं होतं! छातीत गाठ घेऊन ही बाई तीन वर्षं काढणार होती.

त्यांना कसं समजवायचं ते मला कळेना, कारण भीती मलाही होती. कंपनीला फोन लावला, तर तिकडून आवाज आला की हे संभाषण नोंदवलं जाऊ शकतं. मी घाबरून फोन कापला. शेवटी दुसऱ्या दिवशी भाजीचं निमित्त काढून शहाद्याला गेले आणि भूपेशभाऊंना म्हणाले, माझ्या मैत्रिणीच्या सासूला अशी गाठ आहे.

ते समोरची वही मिटून म्हणाले, "भूमिकावहिनी, त्या मैत्रिणीच्या सासूला आजच डॉक्टरकडे न्या. ज्यांचा विमा जुना आहे त्यांची वर्षं मोजली गेलेली असतात. योजना बंद केली तरी ती वर्षं कंपनीला नव्या योजनेत धरावी लागतात. आणि जुना विमा दिवाळीपर्यंत चालूच आहे."

"नक्की?"

"नियम असा आहे. मंजुरी मिळेलच, हे मी कसं सांगू? पण थांबणं सगळ्यात वाईट."

घरी येऊन मी मिथुनना सगळं सांगितलं. मम्मी माझ्यावर चिडल्या, दोन वेळचं जेवल्या नाहीत. नाना त्यांच्यासमोर बसून एवढंच म्हणाले, "तू नही ऱ्हायनी ते विमा काय करू मी?" मग त्या उठल्या आणि दवाखान्यात जायला त्यांनी लुगडं बदललं.

नंदुरबारला तपासणी झाली. कॅन्सरच निघाला. सुरतच्या दवाखान्यात दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, गाठ पहिल्यांदा कधी जाणवली. मम्मींनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलावं की खरं, हे त्या डोळ्यांनीच विचारत होत्या. मी नजर वळवली. मग त्याच म्हणाल्या, "आखाजीले."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. कंपनीची मंजुरी यायची होती. मिथुन दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीशी जाऊन परत परत विचारत होते, नाना बाकावर डोळे मिटून बसले होते. मी मनातल्या मनात ‘आखाजीले’ हा एक शब्द पुसून टाकत होते. दिवेलागणीला खिडकीतल्या बाईने मिथुनना बोलावलं. मंजुरी आली होती.

ऑपरेशन झालं, पण थांबण्याची किंमत मोजावी लागली. आजार काखेपर्यंत गेला होता. केमो लांबली, मम्मींचे केस गेले, तोंडाला चव राहिली नाही. दिवाळीनंतर नवी योजना सुरू झाली. जुनी वर्षं तिच्यात धरली गेली, कोणाला वगळलं नाही. हप्त्यावरचा कर सरकारने काढला होता, तरी हप्ता वाढलाच. पुढच्या वर्षी काय बदलेल, हे भूपेशभाऊंनाही माहीत नाही.

परवा त्या डोक्याला रुमाल बांधून पहिल्यांदा मळ्यात आल्या. पपईच्या झाडाला टेकून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते परत येई का व, भूमिका?"

डॉक्टरांनी चैत्रात पुन्हा तपासायला बोलावलंय. मला खोटं बोलता आलं नाही. मी नुसती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.