मामाची विलायती मांजर

मोसंबीला बहर आला की बिडकीनजवळच्या मामांच्या मळ्यात पाऊल टाकण्याआधीच तो मंद, मधुर परिमळ सामोरा येतो. पण त्या वर्षी फाटकातच जो दर्प नाकाला झोंबला, त्याला परिमळ म्हणण्याचं धाडस कुठला रसिक करील! गोठ्याला जाळी लागली होती आणि जाळीमागून लांब पायांची, ठिपकेदार अंगाची, भलेथोरले कान उभारलेली एक सम्राज्ञी मला तुच्छतेने न्याहाळत होती.

"विलायती मांजर हाय. राणी नाव," मामा अभिमानाने म्हणाले.

"मांजर कसली!" मामी ओसरीवरून कडाडली. "समद्या कोंबड्या खाल्ल्या. परवा मला दुपारभर न्हाणीत कोंडून बसवलं तिनं!"

कुण्या दलालाने मामांच्या गळ्यात बांधलेलं ते पिल्लू आफ्रिकेच्या गवताळ रानातलं सर्व्हल जातीचं रानमांजर होतं. उडता पक्षी झेपेत टिपणारं. आणि मामा त्याला बिनहाडाची कोंबडी भरवत, पंखा लावून निजवत. जीव लावला की आधी कडी लावायची, ही माणसाची केवढी जुनी खोड!

एका सकाळी पत्र्यावर टिटवी उतरली. राणीने सारं बळ एकवटून झेप घेतली आणि तिचं डोकं छताच्या पत्र्यावर आदळलं. टिटवी उडाली. राणी खाली बसून वर पाहत राहिली. मामांनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. गाव हसेल, गुन्हाही नोंदवला जाईल, हे ठाऊक असूनही दुसऱ्या दिवशी त्यांनीच वनखात्याला फोन केला. माणसं पिंजरा घेऊन आली, तेव्हा मामा त्यांना लेक सासरी धाडावी तशा सूचना देत होते, "पंख्याबिगर तिला झोप येत नाय, सायेब!"

काही महिन्यांनी मी त्यांना, वनखात्याने राणीला ठेवलं होतं त्या दूरच्या प्राणी-पुनर्वसन केंद्रात घेऊन गेले. कुंपणाच्या आत नजर पोचेस्तोवर कमरेएवढं सोनेरी गवत डुलत होतं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "सुरुवातीला एवढी जागा असूनही ती गोठ्याएवढ्याच तुकड्यात येरझारा घालायची. पायही अशक्त होते. आता बघा." बंधन सुटलं तरी त्याचं माप अंगात किती दिवस मुरून राहतं!

"राणी! ये गं!" मामांनी साद घातली.

गवतातून दोन कान उगवले. आमच्याकडे वळले. मामा टाचांवर उंचावले. इतक्यात कुठेतरी उंदीर खसपसला असावा. कान फिरले, ती ठिपकेदार काया कमानीसारखी हवेत उसळली, आणि गवत मिटलं. पुन्हा तिने वळूनही पाहिलं नाही.

"ओळख बी दिली नाय बघ," मामा हिरमुसून म्हणाले. मग उपरण्याने डोळे पुसत हसले, "पण उडी काय मारली! व्हय का नाय?"

बाहेर कडुलिंबाखाली बसल्यावर त्यांनी पिशवीतून हळूच एक डबा काढला. आत उकडलेली कोंबडी होती. बाहेरचं काही द्यायला तिथं मनाई होती.

"मामीनं शिजवलं," ते ओशाळून म्हणाले. "पहाटंच उठली होती. कुणाला सांगू नको म्हणली."

मग डबा माझ्यापुढे सरकवला. "खा, बाई. अळणी हाय, पण लई मायेनं केलंय."

आम्ही दोघांनी तो सगळा डबा संपवला.