चाच्यांच्या टोळीतली चाची

फ्रिजच्या दारात सॉसची पाकिटं साठतात, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठलेत. मुद्दाम कोणी जमवत नाही आणि टाकून द्यायला हात होत नाही. भिशीला बायका जमल्या की म्हणतात, तो रिक्षाचा सांगा ना, तो पोलिसांचा सांगा ना. मी सांगते, त्या हसतात. हसू देत. घडत होतं तेव्हा मला मात्र दर वेळी दरदरून घाम फुटला होता.

आमचा ग्रुप समुद्री चाच्यांचा आहे. जुन्या काळी जहाजं लुटणारे जे चाचे होते, त्यांच्यासारखे कपडे घालून, खोट्या तलवारी घेऊन आम्ही लुटालूट करून दाखवतो. कॉलेजात, मॉलमध्ये, कधी एखाद्या सोसायटीच्या गणपतीत. बाकी सगळे हौसेने आलेत. मी भीतीने आले.

माझा ओंकार गेल्या वर्षी जहाजावर लागला, ट्रेनी म्हणून. त्याचं जहाज ज्या वाटेने जातं तिथे आजही खरे चाचे आहेत, हे मला तो गेल्यावर टीव्हीवर कळलं. तेव्हापासून माझी झोप उडाली. आमच्या सानपाड्याच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर श्वेता राहते, दातांची डॉक्टर. तिने मला लिफ्टमध्ये रडताना बघितलं आणि म्हणाली, "काकू, आमच्या ग्रुपमध्ये या. चाचे जवळून बघितले की भीती जाईल."

मला ते पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं.

*

प्रॅक्टिस पावण्याला होते, एमआयडीसीतल्या एका बंद वर्कशॉपच्या शेडमध्ये, रविवारी. पहिल्या दिवशी श्वेता पुढे गेली होती, मी मागून रिक्षाने गेले. रविवारी त्या गल्ल्यांमध्ये चिटपाखरू नसतं. शेडचं शटर अर्धं उघडं होतं. मी वाकून श्वेताला हाक मारली, तर आतून एक आडदांड माणूस बाहेर आला. डोक्याला लाल फडकं, हातात तलवार, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत रक्त.

"कोन पायजे?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "सॉरी."

मागे वळले तर रिक्षा गायब. रिक्षावाल्याने माझ्या आधीच बघितलं होतं.

तो माणूस म्हणजे हरेशदादा. तळवलीचा, खाडीकाठचा. त्याच्या घरची होडी आहे, त्यामुळे ग्रुपचं त्याच्यावाचून चालत नाही. त्याने आतून खुर्ची आणून दिली. मग गालावरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घाबरू नका काकू. कोकम हाय. चाखून बगा."

*

आमचा कप्तान निनाद. सोमवार ते शुक्रवार तो एका कंपनीत टीम लीड असतो, रविवारी एका डोळ्यावर पट्टी बांधतो. त्याला शब्दांची फार काळजी. पायरेट म्हटलेलं त्याला चालत नाही. आपल्या भाषेत शब्द आहे ना, चाचा. एक चाचा, अनेक चाचे.

"आणि बाई असेल तर?" श्वेताने विचारलं.

निनादने माझ्याकडे बघून थोडा विचार केला. "चाची."

झालं. त्या दिवसापासून श्वेता सोडली तर मला कोणी काकू म्हणेना. पंधराजण तलवारी परजत "चाची, डबा उघडा", "चाची, माझं बटण तुटलं" करत फिरायचे.

शेडचा वॉचमन उत्तर प्रदेशचा, भला माणूस. तो हे सगळं दारात बसून बघायचा. एकदा मी एकटी बाहेर आले तेव्हा तो उठून उभा राहिला आणि अगदी आदराने म्हणाला, "चाचीजी, ये सब आपके भतीजे हैं?"

मी काय सांगणार? हो म्हणाले.

त्याने बराच वेळ मान हलवली. "बहुत बिगड़ गए हैं."

*

घरी मी सांगितलं होतं की नाटकाच्या ग्रुपमध्ये जाते. ते खोटंही नव्हतं. पण एकदा माझा फोन डायनिंग टेबलावर होता आणि मेसेज आला तो आमच्या ह्यांनी वाचला. निनादने टाकला होता: "रविवारी सकाळी लूट. दोरखंड हरेश आणेल. कैद्यांनी वेळेवर यावे. डबा आपापला."

जेवण झालं, ताटं उचलली, बडीशेप खाल्ली. मग हे हळूच म्हणाले, "ओंकारच्या काळजीने माणसाचं काहीही होऊ शकतं. मी समजू शकतो."

मी सगळं नीट समजावून सांगितलं. तलवारी ॲल्युमिनियमच्या आहेत, रक्त कोकमाचं आहे, माणसं चांगल्या घरची आहेत.

"बरं," हे म्हणाले. "पण पोलीस आले तर माझं ऑफिस कुठे आहे ते सांगू नकोस."

*

मला ओरडता येत नाही. माहेरी आवाज चढवायची पद्धत नव्हती, सासरी गरज पडली नाही. चाच्यांचं तर सगळं ओरडण्यावर चालतं. जहाजावर चढलं की पहिली आरोळी, "शरण या!"

मी म्हणाले, "शरण या ना."

निनाद म्हणाला, "चाची, आपण त्यांना लग्नाचं आमंत्रण देत नाही आहोत."

मग घरी सराव करायचं ठरवलं. मिक्सर लावायचा आणि त्या आवाजात ओरडायचं, म्हणजे शेजारी ऐकू जाणार नाही. पहिल्या दोन वेळा आवाज घशातच राहिला. तिसऱ्या वेळी डोळे मिटले आणि टीव्हीवर बघितलेली ती माणसं आठवली, छोट्या बोटीतून शिडी लावून वर चढणारी. तशी एक किंकाळी निघाली की माझी मीच दचकले. मिक्सर बंद केला. घर एकदम शांत.

हॉलमधून ह्यांचा आवाज आला, "आलो, आलो. भाजी चिरायचीय का?"

*

आता पोलिसांचा.

निनादची फार इच्छा होती की एकदा तरी खऱ्या पाण्यात सराव व्हावा. हरेशदादाने होडी काढली. मला पाण्याची आधीच धास्ती. मी लाईफ जॅकेटचा पट्टा इतका आवळला होता की श्वास पुरत नव्हता. हरेशदादा वल्हवता वल्हवता म्हणाला, "चाची, पानी कोनाला खात नाय. आपुन गडबड केली तरच."

भरतीची वेळ होती, तिवरांच्या मधून आम्ही निघालो. फडकी बांधलेले, तलवारी घेतलेले नऊजण. आपल्या ह्या शहराला समुद्रातून येणाऱ्या माणसांची भीती आहे, आणि ती उगाच नाही. हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. काठावर गळ टाकून बसलेल्या कोणाच्या तरी आलं. परत येऊन होडी लावतो तर समोर पोलिसांची गाडी.

"हात वर. एकेक करून उतरा."

निनादची वाचा गेली. मोठमोठ्या आरोळ्या मारणारा माणूस, तोंडातून हवा सुद्धा येईना. साहेबांनी ओळखपत्रं मागितली. मग सगळ्या चाच्यांनी कमरेच्या शेल्यातून आपापली आधार कार्डं काढली. श्वेताने त्या दिवशी दात काळे रंगवले होते, दोन सोडून सगळे. साहेबांनी तिचं कार्ड बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं.

"काय करता तुम्ही?"

"दातांची डॉक्टर आहे," ती तोंड न उघडता म्हणाली.

मग साहेब माझ्याकडे आले. "ताई, तुम्ही ह्या वयात ह्यांच्यात कशाला?"

मी खरं तेच सांगितलं. मुलगा जहाजावर आहे, ते जहाज चाच्यांच्या भागातून जातं, मला भीती वाटते. साहेबांनी सगळ्यांना दम दिला, पुढच्या वेळी परवानगी काढल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही म्हणून. तलवारी हातात घेऊन वाकवून बघितल्या. गाडीत बसता बसता पुन्हा माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "मग गेली का भीती?"

"नाही हो साहेब," मी म्हणाले.

*

जहाज कुठे आहे ते दाखवणारं एक ॲप असतं. समुद्राचा नकाशा आणि त्यावर ठिपका. भात शिजेपर्यंत बघायचा, पूजा झाली की बघायचा. ठिपका हलला की माझ्या जिवात जीव.

एका रविवारी प्रॅक्टिस चालू असताना ओंकारचा व्हिडिओ कॉल आला. जहाज त्या भागाच्या जवळ आलं होतं. म्हणाला, "आई, आम्ही बुजगावणी बनवतोय. जुन्या बॉयलर सूटमध्ये, म्हणजे आमच्या कामाच्या कपड्यांत, चिंध्या भरायच्या आणि कठड्याला उभं करायचं. लांबून वाटतं पहारेकरी उभे आहेत. पण मान पडते गं. तू काहीतरी सांग."

मी म्हणाले, "खराट्याचा दांडा घाल. कमरेपासून डोक्यापर्यंत एकच. आणि मानेशी सुतळी घट्ट आवळ."

तोवर सगळे माझ्या मागे गोळा झाले. निनाद डोळ्यावरची पट्टी वर सरकवून म्हणाला, "चेहरा रंगवू नकोस मित्रा, टोपी खाली ओढ." हरेशदादा म्हणाला, "एकाला वाकवून ठेव. समदे ताठ उभे दिसले का कलतं, खोटं हाय."

ओंकार एकदम थबकला. "आई, तुझ्या मागे कोण आहेत?"

मी वळून बघितलं. तलवारी, काळे दात, कोकम.

"आपलीच माणसं आहेत," मी म्हणाले.

तो हसला. मग म्हणाला, "आता थोडे दिवस फोन नाही येणार. ठिपका पण दिसणार नाही, तो आम्ही मुद्दाम बंद करतो. घाबरू नकोस. कोणी आलंच तर आम्ही सगळे एका खोलीत जातो, दार आतून बंद करतो आणि गप्प बसतो. दार लोखंडाचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका गेला.

*

ठिपका नव्हता त्याच दिवसांत वाशीच्या एका मॉलमध्ये आमचा शो होता. हे म्हणाले, जाऊ नकोस. पण घरी बसून त्या रिकाम्या निळ्या नकाशाकडे तरी किती बघणार? गेले.

मॉलच्या मधल्या मोकळ्या जागेत प्लायवूडचं जहाज उभं केलं होतं. गोष्ट साधी. चाचे जहाजावर चढतात, खलाशी पळतात आणि केबिनमध्ये स्वतःला कोंडून घेतात. मग चाच्यांनी दार फोडायचं, खलाशांना ओढून बाहेर काढायचं, खजिना लुटायचा. त्या दिवशी श्वेता खलाशांत होती, तिच्याबरोबर आणखी दोघं. मला काम एकच होतं. मी सगळ्यांत आधी दाराशी पोचायचं, तलवारीच्या मुठीने तीनदा ठोकायचं आणि म्हणायचं, "दार उघडा, नाहीतर फोडतो."

वरच्या मजल्यांच्या कठड्यांवर माणसंच माणसं होती, हातात आइस्क्रीम, हातात मोबाईल. ढोल वाजला. आम्ही चढलो. मी "शरण या" असं ओरडले, चांगली ओरडले. खलाशी माझ्यासमोरून धावत गेले, केबिनमध्ये शिरले, दार धाडकन लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मी दाराशी पोचले. तलवार उलटी धरली, ठोकायला हात उचलला.

हात खाली येईना.

मागून सगळे आरोळ्या देत आले आणि माझ्याजवळ येऊन थांबले. मी त्यांच्याकडे तोंड केलं. पाठ दाराला लावली.

"चाची, ठोका," निनाद ओठ न हलवता म्हणाला.

मी तलवार सरळ केली. "पुढे यायचं नाही."

लोक हसले. निनाद पण कसाबसा हसला आणि एक पाऊल पुढे आला. मी तलवारीचं टोक त्याच्या छातीला लावलं. तो थांबला.

हरेशदादा हळू आवाजात म्हणाला, "चाची, इसरल्या काय? आपुन चोर हाव."

"तुम्ही असाल," मी म्हणाले. "ह्या दारापर्यंत कोणी यायचं नाही."

लोकांचं हसणं कमी होत गेलं. ढोलवाला पण थांबला. तेरा चाचे माझ्यापुढे उभे, आणि एकालाही पुढचं पाऊल टाकवेना. मी तिथून हलले नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मागून दारावर आतूनच टकटक झाली. श्वेताचा दबका आवाज आला.

"काकू, काय झालं? गेले का ते? उघडू का आम्ही?"

"उघडू नका रे," मी म्हणाले. "कडी नीट लावून घ्या, आवाज करू नका. आणि कोणीही हाक मारली तरी उघडायचं नाही. मी मारली तरी नाही."